तीनशे शहाऐंशीचं कार्ड

ये व रूपाली, अशी जवळ बस. कागदावर तरी बस, घरी तर तू दोन दिवाळ्या आली नाहीस. नागपूरच्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली, पांढरा कोट घालून फोटो पाठवलास, मावशीनं तो साऱ्या गल्लीला दाखवला. आणि परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तू बोटातून करत होतीस त्या टेस्ट म्हणजे अंदाजपंचे. खरी टेस्ट लॅबमधलीच." असं म्हणतात काय व पोरी? रागावले नाही मी, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. तेवढ्यात या अंकाच्या संपादकबाईंचा निरोप आला, "लीलाबाई, तुमच्या कामाबद्दल लिहा, बोलता तसंच लिहा." म्हटलं, बरं झालं. फोन तू मध्येच ठेवतेस, छापलेलं तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. रोहण्याच्या पुढं, आर्वी तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात सरकारी उपकेंद्र आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं कडुनिंब. मी तिथली परिचर. दार उघडायचं, झाडायचं-पुसायचं, पाणी भरायचं, लसीच्या दिवशी रडणारी लेकरं धरायची. शिक्षण सातवी. तपासणीचं काम माझ्या नेमणुकीच्या कागदावर कुठंच नव्हतं. ते शिकवलं मेश्राम सिस्टरनं.

सिस्टर हिंगणघाटच्या. आवाज असा, की पडवीतून हाक मारली तर पारावरचा झोपलेला माणूस उठून बसे. पाच गावं आणि त्या एकट्या. मी कोपऱ्यात फडकं घेऊन उभी राहायची आणि त्यांचे हात बघत राहायची. एक दिवस त्या मान वर न करता म्हणाल्या, "लीलाबाई, रोज चोरून पाहून राह्यल्या न? मंग नीटच पाहा. साबण लावून हात धुवा अन् या इकडं."

तेव्हापासून माझे हात मी रोज धुतले, रूपाली. माझेच धुतले, तिथंच चुकले. ते पुढं येईलच.

आमची तपासणी म्हणजे काय, तर माणसाजवळ बसून केलेली तपासणी. तुमच्याकडं शिरेतून रक्त काढतात, बाटलीत भरतात, चिठ्ठी लावतात, ते तालुक्याला जातं, जिल्ह्याला जातं आणि चार दिवसांनी कागद येतो. तोवर माणूस वावरात निघून गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायचं म्हणजे निंदणाच्या दिवसांत बायांच्या मागं धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधावरून फिरायचं. आमचं तसं नव्हतं. बोटाच्या मधोमध टोचायचं नाही, तिथं दुखतं, थोडं कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा पट्टीला लावायचा. पाच आकडे मोजेपर्यंत साखर कळते. हिवतापाची पट्टी पंधरा-वीस मिनिटं घेते. गरोदरपणाची पाच. माणूस समोर आहे, भीती समोर आहे, उत्तरही समोरच. ते उत्तर ऐकताना माणसाचा चेहरा पाहायला मिळतो, हे तुझ्या लॅबमध्ये मिळत नाही, सांग मिळतं काय?

आणि ते एवढंसं मशीन! पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, काडेपेटीएवढ्या डबीत कोणीतरी कंपाउंडर बसवला आहे. पण त्याचे नखरेही पुष्कळ. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन तुला ठाऊक आहे. पिशवी खांद्यावर घेऊन दोन घरं फिरले, की मशीनवर थर्मामीटरचं चित्र येई आणि ते रुसून बसे. मग मी ते माठाच्या बाजूला दहा मिनिटं ठेवायची. लोक विचारत, "काऊन वो लीलाबाई, यालेही लू लागली काय?" मी म्हणायची, "लागली. तुम्ही टोपी घाला, मी याले सावली देतो."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका सासूबाईंनी सुनेला आणलं. पट्टीवर दुसरी रेघ आली, पण जरा फिकी. सून लाजून भिंतीकडं बघतेय आणि सासू पट्टी उजेडात धरून म्हणते, "सिस्टर, रेघ फिक्की हाये, मंग पोरगीच असंन." सिस्टर म्हणाल्या, "आजी, रेघ म्हंजे भाजीचा रस्सा नोहे, फिक्का-तिखट पाह्यले. घरी जा, सुनेले पोटभर जेवू घाला." त्या सुनेला मुलगीच झाली आणि आजीबाईंनी सिस्टरला कायम खोटं ठरवलं.

दुसरे आमचे निवृत्त गुरुजी. तपासणीच्या आधी दोन दिवस नुसतं कारलं खाऊन येत आणि आकडा पाहून खूश होत. "लीलाबाई, आज पेपर सोपा गेला!" सिस्टरनं एकदा, कशासाठी ते न सांगता, त्यांच्या शिरेतलं रक्त घेऊन तीन महिन्यांची साखर काढायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा गुरुजी पडवीत मान खाली घालून बसले. इथं तुझी लॅब कामी आली, मान्य. मी काही आंधळी नाही.

सिस्टरचा मात्र एक शब्द मी गाठीला बांधून ठेवला. मशीन शिकवतानाच त्या म्हणाल्या होत्या, "लीलाबाई, आधी माणूस पाह्यजा, मंग आकडा. मशीनले थेंब दिसते, माणूस दिसत नाई." गाठीला बांधला म्हणते, पण एकदा ती गाठ सुटली. त्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

वच्छलाबाई आमच्या गावची. साठी केव्हाच ओलांडलेली, अंगानं वाळकी, बोलणं तिखट. संत्र्याच्या हंगामात बगीच्यात फळं निवडायचं काम तिचं. तू म्हणशील त्यात काय. पण ती बाई फळ न कापता, न हुंगता, नुसतं तळहातावर उचलून सांगते, आत रस आहे की फोडी वाळल्या आहेत. व्यापारी आधी हसत. ती तीन फळं पुढं ठेवी, "हे भरलं हाये, हे पोकळ, हे दोन दिवसानं नरम पडून बसंन. काप." कापून बघावं तर तसंच. मग व्यापारी बिडी काढी. रूपाली, तीही तपासणीच झाली की. झाडाजवळ बसून केलेली. मला त्या बाईच्या हाताचं फार अप्रूप वाटायचं.

तिला साखरेचा आजार. एक गोळी सकाळी, बाकी ठीक. त्या वर्षी दिवाळी झाली आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड जोरात सुरू झाली. बायामाणसं पहाटे बगीच्यात, अंधार पडता घरी. उपकेंद्रात कोणी फिरकेना. सिस्टर म्हणाल्या, "थे येत नाई तं आपण जाऊ. मी बाजूच्या गावची लस आटोपतो, तुम्ही बगीच्यात जाऊन साखर पाहून घ्या." मी खुशीत निघाले. एकटीला पाठवलं म्हणून थोडी मिजासही चढली होती, खोटं कशाला सांगू.

झाडाखाली ढीग, पलीकडं कॅरेट, बाया गोल बसलेल्या. फुटकी फळं बाजूला काढायची, व्यापाऱ्याला चवीला एखादं सोलून द्यायचं, मध्येच स्वतःच्या तोंडात एक फोड. मी एकेकीचं बोट धरलं, स्पिरिटच्या कापसानं पुसलं, टोचलं, आकडा कार्डावर लिहिला. सिस्टरनं शिकवलं तसंच, शिस्तीत. वच्छलाबाईचा आकडा आला तीनशे शहाऐंशी.

"कितीक हाये व?" तिनं विचारलं.

"तीनशे शहाऐंशी."

"मले तं काईच वाटत नाई. तुह्या डबीले काई झालं असंन."

"डबी खोटी नाई बोलत, वच्छलाबाई. घरी जाऊन सुनेले दाखवा."

बघ, काय बोलले मी. समोर बाई टुणटुणीत बसली आहे, तहान नाही, थकवा नाही, लघवीला उठणं नाही. ती स्वतः सांगते आहे. आणि मी डबीची बाजू घेतली.

सून सुनीता. गरीब, सरळ पोरगी, सासूवर जीव टाकणारी. तिनं कार्ड पाहिलं आणि हादरली. दुसऱ्याच दिवशी सासूला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं कार्ड पाहिलं आणि गोळी वाढवून दिली, आठ दिवसांनी पुन्हा दाखवा म्हणाले. त्यांचा काय दोष? माझ्या अक्षरावर त्यांनी विश्वास ठेवला. सुनीतानं तर घरातला गूळ उचलून वरच्या फळीवर ठेवला, चहा बिनसाखरेचा केला, दोन भाकरींची एक केली. वच्छलाबाई म्हणे, "सुनीता, दुपारी मले थरथर सुटते व, भूक लागते." सुनीता म्हणे, "आत्या, थे साखरंची भूक हाये, खोटी भूक. तीनशे शहाऐंशी हाये तुमची." तो आकडा त्या घरात माणसासारखा राहायला आला होता, जेवणाच्या ताटाशी बसायचा.

पाचव्या दिवशी दुपारी मी उपकेंद्राची पडवी धूत होते. बगीच्यातून एक बाई पळत आली, "लीलाबाई, चाला! वच्छलाबाई पडली!"

पिशवी उचलली आणि मी निघाले. सिस्टर दुसऱ्या गावाला. झाडाखाली वच्छलाबाई कॅरेटला टेकून बसवलेली. डोळे उघडे, पण नजर कुठंतरी. कपाळावर घाम, हात लावला तर गार. हात कापताहेत. तोंडानं काहीतरी पुटपुटणं, जीभ जड. सुनीता बाजूला बसून रडते आहे आणि हातात तेच कार्ड.

मी घाईघाईनं बोट पुसलं, टोचलं. दोनशे बारा.

"पाहा काकू, वाढलीच हाये!" सुनीता म्हणाली. "गोळी देऊ काय अजून? पिशवीत आणली हाये म्या."

तिनं गोळी काढलीसुद्धा. आकडा सांगतो आहे साखर जास्त. पण गार घाम, थरथर, अडखळती जीभ, हे तर कमी साखरेचं रूप. सिस्टरनं किती वेळा सांगितलेलं. मशीनवर विश्वास ठेवला आणि गोळी दिली तर बाई हातची जाईल. अंगावर विश्वास ठेवून साखर दिली आणि मशीन खरं असलं तर? जमलेल्या साऱ्या बाया माझ्याकडं बघताहेत. मी झाडूवाली, सातवी पास.

तेवढ्यात मला तिचा हात दिसला. मांडीवर पालथा पडलेला, आणि त्यावर मुंग्या. साडीवर नाहीत, दंडावर नाहीत. नुसत्या बोटांवर, नखांच्या कडेनं रांग लावून. एक मुंगी सरळ मी टोचलं होतं त्याच बोटावर चढली.

मी मशीनला रक्त पाजलं नव्हतं, संत्र्याचा रस पाजला होता. स्पिरिटनं जंतू मरतात व रूपाली, वाळून चिकटलेला रस जात नाही. आणि हेच मी पाच दिवसांपूर्वी केलं होतं.

"पाणी आणा! माठातलं!" मी ओरडले. तिचा हात कोपरापर्यंत धुतला, चोळून धुतला, माझ्या पदरानं कोरडा केला आणि दुसऱ्या हाताचंही तसंच करून नवीन बोट टोचलं. आकडा आला चव्वेचाळीस. सत्तरच्या खाली साखर गेली म्हणजे धोका.

फोन लावला. सिस्टरनं एकच विचारलं, "गिळते काय थे? पाण्याचा घोट देऊन पाह्य." घोट दिला, तिनं गिळला. "मंग गोड दे. लगेच. जे असंन थे दे, अन् गाडी बोलाव."

गोड कुठं शोधायचं! आम्ही तर गोडाच्या ढिगात बसलो होतो. मी संत्रं उचललं, तर सुनीतानं माझा हात धरला. घट्ट धरला. "काकू, काय करून राह्यल्या? साखरवाल्या माणसाले संत्र्याचा रस? मारता काय माह्या आत्याले?" आणि कार्ड माझ्या डोळ्यांसमोर नाचवलं. "हे तुम्हीच लिवलं न?"

"म्याच लिवलं," मी म्हटलं. "अन् थे खोटं हाये. बोटाले रस होता, म्या हात नाई धुतले तिचे. चूक माही हाये, सुनीता. आत्ता हात सोड, मंग मले काय बोलायचं थे बोल."

हे मी पंधरा-वीस बायांपुढं बोलले. तीस वर्षं गावात जपलेलं नाव त्या क्षणी गेलं असंच वाटलं. पण सुनीतानं हात सोडला. सोडला आणि स्वतःच भराभरा संत्री पिळायला बसली, पेल्यात डोळ्यांतलं पाणीही पडत होतं. मी थोडं थोडं पाजलं. एक पेला. थांबलो. मिनिटं मोजली. घाम ओसरला. नजर माणसांवर आली. पुन्हा धुतलेल्या बोटावर आकडा एकाहत्तर.

वच्छलाबाईनं जीभ ओठांवरून फिरवली, भोवतीच्या गर्दीकडं पाहिलं आणि तिचा पहिला शब्द काय असावा? "कोनं देल्लं व हे फळ? पोकळ हाये. चांगलं सरकवलं असंन व्यापाऱ्याले, अन् मले पोकळ!"

साऱ्या बाया हसल्या आणि मी मात्र त्या झाडाखाली बसून रडले.

सिस्टर गाडीच्या मागोमागच पोहोचल्या. त्यांनी आधी वच्छलाबाईला पाहिलं, मग मशीन, मग मला. वाढवलेल्या गोळीचा असर अंगात राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एक दिवस ठेवलं, गोळी पूर्वीसारखी केली आणि परत घरी.

मी उपकेंद्रात सिस्टरपुढं उभी राहिले. वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी मशीन पुसून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "स्पिरिट म्या शिकवलं तुम्हाले. पाणी नाई शिकवलं. दवाखान्यात बसून शिकवलं, बगीच्यात कोन शिकवते?" अर्धी चूक स्वतःकडं ओढून घेतली त्या बाईनं. आणि पुढं म्हणाल्या, "आता दोघी जाऊ. त्या आठवड्यात जेवढे तपासले तेवढे सारे पुन्हा."

आम्ही गेलो. साबण, पाण्याची कॅन, धुतलेला टॉवेल. प्रत्येकीला मी स्वतः सांगितलं, मागचा आकडा चुकीचा होता, चूक माझी होती. काहींनी टोमणे मारले, "काहो लीलाबाई, आज अंघोळही घालून देता काय?" मारू दे. जवळजवळ साऱ्यांचे आकडे खाली आले. बायांबरोबर बगीच्याचे राखणदार नामदेवभाऊही तपासले होते, त्यांचा मात्र नाही आला. ते निवांत होते, "माहाही रसच असंन." धुवूनही तेवढाच! त्यांचा आजार तिथं सापडला आणि औषध सुरू झालं. तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "पाह्यलं? आता खरं कोनतं थे कळते तुम्हाले." त्या बोलण्याला मी कोणत्याही सर्टिफिकेटापेक्षा जास्त मानते.

शेवटी वच्छलाबाईच्या घरी गेले. एकटी गेले, सिस्टरला म्हटलं मला जाऊ द्या. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "वच्छलाबाई, थे कार्ड द्या. फाडून टाकतो, नवीन लिहून देतो."

"काऊन फाडतं?"

"खोटं हाये थे."

"मंग खोटं हाये असं लिव त्याच्यावर."

तिनं कार्ड माझ्यापुढं सरकवलं. ती म्हणाली, "आजवर मले कागदावरच फसवलं साऱ्यांनी. जमिनीच्या कागदावर, मजुरीच्या कागदावर. चूक झाली, असं कोनीच लिवून नाई देल्लं. तू त्या दिवशी तोंडानं बोलली, म्या ऐकलं थोडं थोडं. आता लिव."

मी पेन काढलं. तीनशे शहाऐंशीवर काट मारली नाही, तो तसाच ठेवला. खाली लिहिलं, "हा आकडा चुकीचा आहे. तपासताना यांचे हात धुतले नव्हते. चूक तपासणाऱ्याची आहे, यांची नाही." आणि सही केली. नोकरीत मी हजेरीशिवाय कुठं सही केली नव्हती, रूपाली. संध्याकाळी सिस्टरनं ते ऐकलं, दुसऱ्या दिवशी स्वतः गेल्या आणि माझ्या सहीच्या बाजूला आपली सही केली.

आता सिस्टरची बदली झाली, माझंही वय झालं, मी घरी बसले. नवी मुलगी आहे उपकेंद्रात, हुशार आहे, तिच्या पिशवीत साबण असतो. वच्छलाबाई अजून तशीच ताठ, गोळी सकाळी एकच, आणि हंगामात तिच्या हातून फळं जातातच. तिच्या कोनाड्यात पत्र्याची डबी आहे. त्यात तिच्या नवऱ्याचा एकुलता फोटो, मुलाचा जन्मदाखला आणि ते कार्ड. कोणी पाहायला मागितलं तर हात धरून बसवते, वाचून दाखवायला लावते आणि दोन्ही सह्यांवर बोट ठेवून म्हणते, "हे खरं हाये."

नव्या मुलीनं त्याचा मोबाईलवर फोटो काढायला मागितला. वच्छलाबाईनं नाही दिला काढू. म्हणाली, "ज्याले पाह्यचं त्यानं घरी यावं." तुझ्याबद्दल मी तिला सांगितलं आहे, मोठ्या लॅबमध्ये आहे म्हणून. परवा विचारत होती, "तुही भाची कधी येते व?" काय सांगू तिला? तोड संपायच्या आत येजो, बाई. एक दिवसाची सुट्टी काढ, पण ये.